आतून उघडणारं झाकण

इन्स्पेक्शनच्या माणसाने पेटीवर लाल खडूने फुली मारली आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू ती मीच बनवली होती.

"देशकर साहब, ढक्कन में एक भी कील नहीं है. रिजेक्ट."

पेटी म्हणजे शवपेटी. पासष्टची लढाई चालू होती आणि मी जबलपूरच्या एका संरक्षण कारखान्यात लाकडाच्या शॉपचा फोरमन होतो. फोरमन म्हणजे ज्याच्यावर वरून साहेब ओरडतात आणि खालून मिस्त्री कुरकुरतात, तो माणूस. एरवी आमच्याकडे पॅटर्न बनत. लोखंड ओतण्याआधी त्या भागाचा हुबेहूब लाकडी नमुना करावा लागतो, त्याला पॅटर्न म्हणतात. कामाचं नाव सोपं, काम भारी नाजूक. लढाई लागली आणि ते सगळं बाजूला पडलं. खिडक्यांच्या काचांना काळा रंग लागला, ओव्हरटाइम सुरू झाला आणि शॉपभर फक्त दारूगोळ्याच्या पेट्या दिसू लागल्या.

त्यातच मिलिटरी हॉस्पिटलची मागणी आली. ख्रिस्ती जवानांसाठी शवपेट्या हव्या होत्या. माझे मिस्त्री दारूगोळ्याच्या पेट्या जेवण विसरून ठोकत होते, पण या कामाला कोणी हात लावीना. रामदीन मिस्त्री तर हात जोडून उभा राहिला. "साहब, मेरा भाई फ़ौज में है. ताबूत मुझसे मत बनवाओ." मी रागावलो नाही, त्याला दारूगोळ्याच्या पेट्यांवरच राहू दिलं.

आणि दुसरीकडे सॅम्युएल तायडे. अमरावतीकडचा मराठी ख्रिस्ती, माझा सगळ्यात चांगला पॅटर्नमेकर. लढाई लागल्यावर तो माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला होता, "साहेब, दारूगोळ्याच्या पेट्या माझ्या हातून नाही होणार. दुसरं काही बी सांगा, शॉप झाडतो." घरचे सगळे चर्चमध्ये जाणारे, पण हा काही वर्षांपासून गावातल्या कांचघर भागात एका घरी जमणाऱ्या छोट्या मंडळीत जाऊ लागला होता. ही मंडळी लढाईच्या कोणत्याच कामात हात घालत नसत.

मी हे दोन नकार एकमेकांशेजारी ठेवले आणि शवपेट्या तायडेला दिल्या. तो आनंदाने तयार झाला. फक्त क्रूस लावणार नाही म्हणाला, कारण त्याची मंडळी क्रूस मानत नाही. क्रूस हॉस्पिटलचा सुतार लावून घेईल असं ठरलं. मी स्वतःवर बेहद्द खूश होतो. पहिल्याच पेटीवर लाल फुली पडेपर्यंत.

मी तायडेला बोलावलं.

"तायडे, खिळे काहून नाही मारले?"

"गरज नाही साहेब. डव्हटेल आहे."

डव्हटेल म्हणजे तिरप्या खाचेचा सांधा. झाकण त्या खाचेत सरकवायचं आणि पायाच्या बाजूला लाकडाची पाचर मारायची. उत्तम काम होतं, मी हात फिरवून पाहिला. पण ड्रॉइंगमध्ये खिळे होते, आणि कारखान्यात ड्रॉइंग म्हणजे देवाची आज्ञा.

"खिळा बाहेरून बसतो साहेब, बाहेरूनच निघतो," तो म्हणाला. "ही पाचर आतून पायानं ढकलली का निघते."

"आतून कोण ढकलणार आहे?"

नव्या शिकाऊ माणसाकडे पाहावं तसं त्याने माझ्याकडे प्रेमाने पाहिलं. "जो उठेल तो."

मग त्याने मला समजावून सांगितलं. चर्चची बहुतेक माणसं मानतात की विश्वास ठेवून मेलेल्याचा आत्मा स्वर्गात जातो आणि तिथे कायमचा जगतो. तायडेच्या मंडळीचं म्हणणं वेगळं. मेलेला कुठेच जात नाही. तो झोपतो, त्याला काही कळत नाही. थोडे निवडलेले तेवढे वर जातील. बाकीच्यांना देव एक दिवस जागं करील ते इथेच, याच जमिनीवर. मग मरण नाही, आजार नाही, लढाई नाही, सगळी पृथ्वी बागेसारखी.

"म्हणजे जबलपूर बी राहणार?" मी विचारलं.

"राहणार तर. नर्मदा बी राहणार. हा कारखाना नाही राहणार."

"बरं, पण जो देव मेलेल्याला उठवील त्याला चार खिळे जड आहेत का?"

"त्याला नाहीत साहेब. पण उठणाऱ्याला पहिल्यांदा झाकणच दिसेल ना. घाबरून जाईल तो. देवाचं काम देव करील, सुताराचं काम सुतारानं नको करायला?"

मी त्याला बेंचवर परत पाठवलं.

दुपारपर्यंत गोष्ट सिक्युरिटी ऑफिसरच्या कानावर गेली. त्यांचा हिशेब सरळ होता. हा माणूस दारूगोळ्याच्या पेट्या करत नाही आणि जवानांच्या शवपेट्या उघड्या ठेवतो. "देशकर, ये आदमी किस तरफ़ है?" त्यांनी विचारलं आणि पाठोपाठ सॅबोटाज हा शब्द काढला. लढाईच्या दिवसांत या शब्दाला फार वजन होतं. नोकरी जायची, क्वार्टर जायचं, आणि ओमती पोलीस ठाण्याची गाडी दाराशी आली तर माणूस कधी परत येईल ते सांगता यायचं नाही. उद्या वर्क्स मॅनेजर स्वतः शॉपमध्ये येऊन निकाल देतील, असं ठरलं.

संध्याकाळी तायडेची बायको मार्था आमच्या क्वार्टरवर आली. माझ्या बायकोने, सुमनने, तिला चहा दिला. मार्था चर्चमध्ये जाणारी, दर रविवारी न चुकता.

"साहेब, हे वाईट नाहीत हो. खिळ्यांचं मी सांगते तुम्हाले. आमची ग्रेसी टायफॉइडनं गेली, तेव्हा पेटी यांनीच बनवली. खिळे बी यांनीच ठोकले. मी आवाज ऐकून राहिली होती. तेव्हापासून घरात एक खिळा नाही मारला यांनी. भिंतीवरचं कॅलेंडर बी सुतळीनं बांधून ठेवतात."

मला ग्रेसी आठवत होती. बापाला डबा घेऊन गेटपर्यंत यायची. मी उगाच चष्मा पुसला.

"नोकरीचं मी पाहतो," मी म्हटलं.

"नोकरीचं तर आहेच. पण साहेब, मी म्हणते ग्रेसी वर आहे, येशूजवळ. हे म्हणतात झोपली आहे, इथंच उठेल. मी मेल्यावर वर गेली अन् हे इथं राहिले, तर? इतकी वर्षं एका घरात राहून राहिलो, अन् कायमचं जगणं आलं तर वेगळं काहून राहायचं? मी यांना कुठं शोधू?"

सुमनने तिच्या पाठीवर हात ठेवला. "मार्था, आधी उद्याचा दिवस जाऊ दे. कायमचं मग पाहू."

ती गेल्यावर सुमनने कप विसळले. मग म्हणाली, "आपलं बरं आहे. पुढच्या जन्मी ओळख राहत नाही. यांना सगळं आठवणार, हेच कठीण."

दुसऱ्या दिवशी वर्क्स मॅनेजर आले. फौजेतून आलेला उंच, कमी बोलणारा माणूस. मी त्यांना म्हटलं, सर, खिळ्याचा हेतू झाकण निघू नये एवढाच ना? मग टेस्ट घेऊ. पेटीत वाळूची पोती भरली. खलाशांनी, म्हणजे शॉपच्या हमालांनी, ती खांद्यावर घेतली, रॅम्पवरून चढवली, उतरवली, तिरपी केली, शेवटी हातभर उंचीवरून खाली सोडली. झाकण तसूभरही हललं नाही.

"ठीक है," सिक्युरिटी ऑफिसर म्हणाले, "लेकिन खुलता कैसे है? और क्यों खुलता है?"

तायडेला मी सकाळीच बजावलं होतं, उपदेश करायचा नाही. त्याने तो केला नाही. त्याने पोती काढली, चपला काढल्या आणि तो स्वतः पेटीत जाऊन आडवा झाला. "झाकण लावा," तो मला म्हणाला.

आजूबाजूच्या मशिनी एकेक करून बंद झाल्या. जे मिस्त्री या पेटीला शिवत नव्हते ते सगळे तिच्याभोवती जमले. मी झाकण सरकवलं, पाचर मारली. क्षणभर काहीच झालं नाही. मग आतून पायाचा एक ठोका आला आणि पाचर फरशीवर पडली. झाकण हळूच सरकलं आणि तायडे उठून बसला. केसांत भुसा, चेहऱ्यावर उजेड आल्यामुळे मिटलेले डोळे. मागे रामदीन "राम राम" पुटपुटला.

मॅनेजर साहेबांनी विचारलं, "कील से क्या दिक़्क़त है तुम्हें?"

"एक बार ठोकी थी साहब," तायडे बसल्या बसल्याच म्हणाला. "अब नहीं ठोकूँगा."

साहेबांना ग्रेसीचं काही ठाऊक नव्हतं. पण फौजेत त्यांनी आपली माणसं पुरलेली असणार. त्यांनी वाकून ती पाचर उचलली आणि तायडेच्या हातात दिली.

"पास करो."

"सर, ड्रॉइंग में..." इन्स्पेक्शनवाला म्हणाला.

"ड्रॉइंग सुधार लो."

"और बारूद की पेटियाँ?" सिक्युरिटी ऑफिसरनी विचारलं.

"वो बनाने को पूरी शॉप खड़ी है. ये बनाने को एक आदमी है. उसे बनाने दो."

एवढं बोलून ते गेले. मशिनी पुन्हा सुरू झाल्या. लढाई संपेपर्यंत तायडेने शवपेट्या केल्या, आणि एकही परत आली नाही. सिक्युरिटी ऑफिसर मला पुढे कितीतरी दिवस नमस्कार करत नव्हते.

मार्थाचा प्रश्न मात्र तसाच राहिला. त्या नवरा-बायकोची त्यावरून कधी भांडणं झाली नाहीत. दर रविवारी ती चर्चकडे जायची, तो कांचघरकडे, आणि दुपारी दोघं एका ताटलीत मासे साफ करायला बसायची.

बऱ्याच वर्षांनी, मी रिटायर व्हायच्या थोडं आधी, मार्था गेली. आमच्याकडे रीत होती, शॉपमधल्या माणसाच्या घरचं कोणी गेलं तर शेवटचं लाकूडकाम शॉपमध्येच व्हायचं. तायडेने कोणाला हात लावू दिला नाही. पेटी तयार झाल्यावर मी पाहायला गेलो. झाकणावर क्रूस होता. चिकटवलेला नव्हे, गडद शिसवीचा, सागाच्या फळीत कोरून बसवलेला. पॅटर्नमेकरचं काम, सांध्यात नख जात नव्हतं.

"तायडे, क्रूस?"

"ती चर्चची होती साहेब. तिचा हक्क आहे. वर गेली असेल तर गेली."

मी खाली पाहिलं. खिळा एकही नव्हता. डव्हटेल होती आणि पायाशी पाचर. मी सवयीने पाचर हलवून पाहिली. ती जरा ढिली होती, आणि तायडेच्या हातून ढिलं काम कधी होत नसे.

"ढिली राहिली," मी म्हणालो.

"ठेवली साहेब," तो म्हणाला. "माझं खरं निघालं तर तिला ढकलावी लागेल. तिचे गुडघे दुखतात."

ढिली पाचर मी नोकरीभर रिजेक्ट केली. ती एक पास केली.