मागच्या पंख्यापाशी

फौजेत मी अठरा वर्षं हेलिकॉप्टरं खोलली आणि जोडली. त्यामुळे केळझरजवळच्या आमच्या गावी पुतणीच्या पाठवणीसाठी नवरदेवाकडच्यांनी भाड्याचं हेलिकॉप्टर ठरवलं, तेव्हा त्याची जबाबदारी कोणावर पडणार हे विचारायचं कारणच नव्हतं. हरभरा निघालेलं शेत मी निवडलं, धूळ उडू नये म्हणून पाणी मारलं, भोवती दोर बांधला. दोराच्या आत एकही माणूस येऊ द्यायचा नाही, हे माझं काम.

हेलिकॉप्टर सकाळीच उतरलं. पायलट चहाला गेला आणि मी वऱ्हाडाला गोळा करून समजावू लागलो. या विषयावर मला कोणी अडवू शकत नाही. वरची पाती फिरता फिरता हवा खाली ढकलतात आणि यंत्र उचलतात. पायलटच्या डाव्या हातातला दांडा सगळ्या पात्यांचा कल एकदम वाढवतो, की यंत्र वर. समोरचा दांडा अख्खा पंखाच कलता करतो. ज्या बाजूला पंखा कलेल, त्या बाजूला यंत्र जातं. मोठा पंखा एकीकडे फिरला की धड उलटीकडे फिरू पाहतं, तेव्हा शेपटीवरचा छोटा पंखा आडवा जोर लावून त्याला सरळ धरतो. "त्याच्याजवळ जाऊ नका," एवढं बोलून मी पुन्हा वरच्या पंख्याकडे वळलो.

दुपारी, इंजिन चालूच असताना, मी नवरा-नवरीला आत बसवलं. वळून पाहतो तर नवरीचा मामा दोराखालून आत शिरलेला. माझ्याहून दहा वर्षांनी मोठा माणूस, डोक्याला फेटा, हातात नारळ. नवरीची गाडी निघताना चाकाखाली नारळ ठेवायचा मान आमच्या घरात मामाचा. या यंत्राला चाकंच नव्हती, नुसत्या दोन लांब नळ्या. मामाने वाकून पाहिलं, चाक दिसेना. मागे असेल, असं समजून तो शेपटीकडे निघाला.

मागचा पंखा जोरात फिरत असला की दिसत नाही. मी जीव खाऊन ओरडलो, पण त्या गोंगाटात माझं मलाच ऐकू येईना. मग धावलो, मामाच्या कमरेला मिठी घातली आणि दोघंही ढेकळांत आडवे झालो. फेटा सगळ्या वऱ्हाडासमोर मातीत गेला. मी गळ्यावरून हात फिरवून पायलटला इंजिन बंद करायची खूण केली.

आवाज उतरल्याबरोबर मामाने माझी कॉलर धरली.

"काऊन पाडलं मले? चार लोकांत इज्जत काढतं का?"

मला माझाच भयंकर राग आला होता. सकाळभर फुशारकी मारली आणि जो भाग माणूस मारतो, त्याच्यासाठी माझ्याकडे एकच वाक्य होतं.

पंखे पुरते थांबल्यावर मी मामाला शेपटीपाशी नेलं. पातं बरोबर त्याच्या मानेच्या उंचीवर होतं. त्याने ते बोटाने चाचपलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"पोरगी काचेतून इकडंच पाहून राह्यलीती," तो म्हणाला. "तिले समदं दिसलं असतं."

"हो, भाऊ."

मी खिडकीकडे पाहिलं. ती काचेला तोंड लावून रडत होती. मग आम्ही दोघं मातीने भरलेले म्हातारे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून तिच्याकडे पाहत मोठमोठ्याने हसत राहिलो, तीही हसेपर्यंत.