वाळूच्या ढिगावरची मर्यादवेल

माझं माहेर वर्ध्याचं. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो चाळिशीत, सरकारी दौऱ्यावर. तोवर दिल्लीत बसून समुद्रकिनाऱ्यावरच्या लागवडीच्या फायलींवर मी सहा वर्षं शेरे मारत होते. वाळू धरून ठेवणाऱ्या मर्यादवेलीवर तर मी इतकं लिहिलं होतं, की साहेब मला तज्ज्ञ समजत.

कोकणातल्या त्या किनाऱ्यावर जांभळ्या फुलांची एक वेल माझ्या पायात अडकली. सोबतच्या वनरक्षकाने नाव सांगितलं, तेव्हा मी म्हणाले, "हो, माहितेय ना." मग कुणी बघत नाही असं पाहून तिचा एक तुकडा पिशवीत टाकला.

दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये परतल्यावर लेकीने विचारलं, "मर्यादवेल म्हणजे? लिमिटवाली बेल?"

"समुद्राला मर्यादा घालते ती," मी ऐटीत सांगितलं.

नवी कुंडी, नर्सरीतली माती, शेणखत, दोन वेळा पाणी. तीन आठवड्यांत देठ कुजायला लागला. नवरा म्हणाला, "अगं, तू स्वतः लिहिलेलं एकदा वाच तरी." मी रागाने कुंडी खाली नेली आणि इमारतीच्या दुरुस्तीसाठी कधीपासून आणून टाकलेल्या वाळूच्या ढिगावर उपडी केली.

पावसाळ्यात तिने अख्खा ढीग झाकला. पेरापेराला मुळं, वर फुलं. घरात वाळू उडायची थांबली म्हणून शेजारणींनी माझं कौतुक केलं. मी ते करू दिलं.

दिवाळीनंतर दुरुस्तीवाले आले, तर वाळूत फावडंच शिरेना. त्यांच्यातला वयस्कर गवंडी ओडिशाचा होता. तो वेलीपाशी उकिडवा बसला. "मॅडम, ये यहाँ किसने लगाया? हमारे गाँव में समुंदर के किनारे होता है."

"मैंने."

"पानी कितना दिया?"

"बिल्कुल नहीं."

"तभी," तो म्हणाला.

दोन वर्षं तो घरी गेला नव्हता. जोडीदार हाका मारत होते, तरी तो पानांवरून हात फिरवत बसला. मग त्याने वेल हळूहळू सोडवली, एक तुकडा मला कोरड्या वाळूत लावून दिला आणि दुसरा, विचारून, जवळच्याच मुनिरका वस्तीतल्या आपल्या भाड्याच्या खोलीच्या गच्चीसाठी घेतला.

जानेवारीच्या थंडीत माझी वेल गेली. त्याचा फोन नंबर मी घेतला नव्हता, त्यामुळे त्याच्या वेलीचं काय झालं ते कळलं नाही.