एस्तेरआजीची बॅटरी

दौंडच्या योहानमामांना त्यांच्याच चर्चच्या पथकाच्या प्रमुखानं फसवलं. आफ्रिकेतल्या मलावी देशाचा व्हिसा आलेला असताना तो नामंजूर झाला, असं सांगितलं. मामांना मातीआड करून तीन आठवडे झाल्यावर हे मला कळलं. त्यांची मुलगी रूथ त्यांचा फोन त्यांच्याच जेवणाच्या डब्यात घालून शिरूरला माझ्या बॅटरीच्या दुकानात आली होती, आतले फोटो काढून हवे होते तिला. फोटो शोधताना मेल उघडली, तर व्हिसाचं पत्र समोर. पथक निघण्याच्या दहा दिवस आधी आलेलं, कुणी न उघडलेलं. ते दोन पत्त्यांवर गेलं होतं. एक मामांचा, दुसरा प्रमुखाचा.

मामा रेल्वेत सिग्नलचे फिटर होते. निवृत्तीनंतर मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पथकाबरोबर तीनदा आफ्रिकेत जाऊन आले. भाषण त्यांना जमत नसे. तिथल्या लोकांच्या भाषेत बायबल वाचून दाखवणाऱ्या, उन्हावर चार्ज होणाऱ्या छोट्या पेट्या ते घेऊन जात आणि बंद पडलेल्या दुरुस्त करत. बॅटऱ्या माझ्याकडच्या. मी रस्त्याच्या कडेला टॉर्च दुरुस्त करत वर आलेला माणूस, भावात कुणाला सोडत नाही. पण मामा समोर बसले की आमची घासाघीस धर्मावरच चालायची. मी बौद्ध. मी म्हणायचो, "मामा, तुमचा येशू घेतला तर वर काय देताल?" चहा बशीत ओतत ते म्हणायचे, "वर काय न्हाई बाबा. उलट हाय ते जाईल. पयला तुझा राग जाईल, मग दुकान कसं चालवशील?"

त्यांची एक सवय होती. कुणाच्याही घरी प्रार्थनेला जाताना फोन बंद करायचा, रुमालात गुंडाळायचा आणि जेवणाच्या डब्यात ठेवून वर झाकण लावायचं. मलावीतही तसंच. प्रमुख मात्र प्रत्येक प्रार्थना फोनवरून थेट दाखवायचे. एस्तेर नावाच्या अंध आजीच्या अंगणात तिच्या गेलेल्या मुलासाठी प्रार्थना चालली होती, ती रडत होती, आणि कॅमेरा तिच्या तोंडाशी. मामा सगळ्यांदेखत म्हणाले, "सायेब, ते बंद करा. म्हातारी देवाशी बोलतीय, तुमच्याशी न्हाई." प्रमुख तेव्हा नुसते हसले, असं मामाच सांगायचे... हसले, पण विसरले नाहीत, असं आज मी म्हणतो.

एस्तेरआजीची पेटी त्याच फेरीत मुकी झाली होती. बॅटरी फुगलेली, तिथं तसली मिळेना. पुढच्या वेळी आणतो, असा शब्द मामा तिचा हात हातात घेऊन देऊन आले. वर्षभर माझ्या मागं लागून त्यांनी त्या मापाची बॅटरी मिळवली. आणि मग प्रमुखाचा फोन आला, वयामुळं व्हिसा नाकारला. निदान बॅटरी तरी न्या, मामा म्हणाले. तर उत्तर मिळालं, विमानात बॅटरीची भानगड नको, आजीला आपण मोबाईल देऊ, ॲपमध्ये सगळं बायबल आहे. मामांनी हे माझ्या दुकानात बसून सांगितलं, बॅटरी तळहातावर धरून. मग म्हणाले, "आंधळीला काचंवर बोट फिरवाय देत्यात..."

त्याच दिवसाचं आणखी एक लिहायला हवं. उठता उठता मामा म्हणाले, "मिलिंदा, ती मेल बघ ना एकदा. चुकून त्यात काय आलं आसंल." मामांची मेल मीच काढून दिलेली, पासवर्ड माझ्याच वहीत. पण इन्व्हर्टरच्या तक्रारीवरून एका गिऱ्हाइकाशी माझी जुंपली होती. मान वर न करता मी म्हणालो, "बघितली, मामा. काय न्हाई आलं."

बघितली नव्हती.

"तू बघितलीस म्हंजी नसंलच," मामा म्हणाले आणि दौंडच्या एसटीला गेले. पथक त्यांच्यावाचून गेलं आणि आलं. दोन महिन्यांनी मामा झोपेतच गेले. प्रत्येक रुपया वाजवून घेणारा मी, त्या दिवशी माझ्याच्यानं एक बटण दाबवलं नाही.

फोनमध्ये एस्तेरआजीच्या सुनेचा मेसेजही होता, मामा गेल्यानंतर आलेला. ॲपनं त्याचं मराठी करून दिलं: मोबाईल मी वापरते, आईंना तो जमत नाही, त्या विचारतात, पेटीवाले बाबा कधी येणार?

मी माझं खोटं रूथला सांगितलं. ती समोरचा चहा तसाच ठेवून उठली, आणि मामांचा डबा काउंटरवर ठेवून गेली. तो अजून तिथंच आहे. आत बंद केलेला फोन रुमालात गुंडाळलेला, शेजारी मामांनी जपून ठेवलेली बॅटरी.

प्रमुखसाहेब, मामांसाठी तुम्ही मंडळीपुढं प्रार्थना केलीत, तीही थेट दाखवलीत. मी बघितली. आता तोच कॅमेरा स्वतःच्या तोंडासमोर धरा आणि सांगा, व्हिसा आला होता की नव्हता? आणि हा डबा एस्तेरआजीकडं कोण घेऊन जाणार?