कारण : दुसऱ्याच्या हातून

माझ्या सासऱ्यांचा उजवा हात मी मोडला आणि त्याची सरकारी नोंदही मीच केली.

त्या काळी मी धारच्या दवाखान्यात कारकून होतो. वरून एक छापील यादी आली होती. कुठलीही इजा यादीतल्याच नावाने आणि यादीतल्याच अंकाने लिहायची. 'पडला', 'लागलं', 'हाड मोडलं' असलं गावंढळ लिहिणं बंद! हाड मोडून कातडी शाबूत असेल तर साधा अस्थिभंग; हाड बाहेर डोकावलं तर उघडा अस्थिभंग. बाकीच्यांनी ती यादी खिळ्याला टांगली. मी पाठ केली. (अक्कल बेताची असली की पाठांतर छान होतं.) स्वयंपाक करताना बायकोचं बोट भाजलं, तरी मी भाजण्याचा अंक सांगायचो.

"अंक राहू द्या," ती म्हणायची, "तूप आणा!"

अशात माझे सासरे तात्यासाहेब देवासहून आले. देवासच्या दोन गाद्यांपैकी थोरल्या पातीच्या दरबारात हयात घालवलेला माणूस. पागोट्याची घडी विस्कटली तरी त्यांना अपमान वाटे. बैलगाडी दारात थांबली. ते आपले आपण उतरत होते, अगदी नीट उतरत होते. पण जावयाचं कर्तव्य म्हणून मी हात दिला. दिला म्हणजे ओढला! तात्यासाहेब थेट पायरीच्या दगडावर. कडाक् असा आवाज झाला.

"बाबा!" माझी बायको सरू ओरडत धावली.

"अहो जावईबुवा, हात मोडला माझा!"

मी वाकून पाहिलं. "कातडी शाबूत आहे, तात्यासाहेब. साधा अस्थिभंग."

"साधा?" त्या कळवळण्यातही ते गरजले. "दरबारातल्या माणसाचा हात आहे हा! साधा काय म्हणता?"

"मग उघडा लिहू? पण त्याला हाड बाहेर यावं लागतं."

"अहो, गाडी वळवा आधी दवाखान्याकडे!" सरू कडाडली.

दवाखान्यात डॉक्टरसाहेबांनी हात ओढून बसवला, वर बांबूच्या खपाट्या बांधल्या. सासरे किंचाळत होते आणि मी (लाज वाटते सांगायला!) शांतपणे वही भरत होतो. शेवटच्या रकान्यात मात्र अडलो. कारण : स्वतः पडून, जनावरामुळे, की दुसऱ्याच्या हातून? आता ओढलं कोणी? मी. आणि मी तात्यासाहेबांहून दुसरा. शिवाय ओढलं तेही अक्षरशः हातानेच! इतकी चोख नोंद मला आयुष्यात साधली नव्हती. 'दुसऱ्याच्या हातून' असेल तर फौजदाराला चिठ्ठी पाठवायची, असा नियम होता. ती चिठ्ठी मीच लिहिली. सुवाच्य अक्षरात. त्या दुसऱ्याच्या पूर्ण नावासकट!

दुसऱ्या दिवशी सकाळी फौजदार दारात हजर.

"क्यूं भिया, ससुरजी का हाथ आपने तोड़ा?"

"हो, पण... वर्गीकरणापुरता!"

"वो थाने में समझाना. चलो."

नोकरी गेली, अब्रू गेली, आणि वर्गीकरणाचा एकही अंक आठवेना! सरूने कपाळावर हात मारला. "स्वतःचीच चुगली केलीत? स्वतःच्या हाताने?"

फौजदाराला तिची दया आली असावी. जखमी माणसाने लिहून दिलं की जावयाचा हेतू वाईट नव्हता, तर प्रकरण इथंच मिटेल, असं तो म्हणाला. सगळ्यांचे डोळे तात्यासाहेबांकडे वळले. ते सावकाश सुपारी चघळत राहिले. फार सावकाश!

"लिहा," ते अखेर म्हणाले. "जावई दुष्ट नाहीत."

मी सुटकेचा श्वास घेतला.

"मूर्ख आहेत."

फौजदाराने दोन्ही वाक्यं जशीच्या तशी उतरवून घेतली. "अब दस्तखत, साहब."

उजवा हात झोळीत. तात्यासाहेबांनी डाव्या अंगठ्याला शाई लावली आणि कागदावर असा दाबला, की खालचा पाट करकरला.

मी सुटलो. कागदावर शिक्का बसला आणि तो दप्तरी दाखल झाला. धार संस्थानात तेव्हाही मूर्ख काही कमी नव्हते. पण अंगठा आणि सरकारी शिक्का असलेला मी एकटाच!