बार्शी ते बारी, व्हाया अबू धाबी

मी बार्शी सोडली त्या संध्याकाळी सगळं घर स्टँडवर आलं होतं, आणि सगळ्यांचं लक्ष माझ्यापेक्षा माझ्या बॅगेकडे होतं. विमानात वजन किती चालतं यावर बाबा आणि दोन्ही काका हिरिरीनं वाद घालत होते. तिघांपैकी एकानंही तोवर विमान आतून पाहिलेलं नव्हतं. माझा नवरा मिलिंद लग्नानंतर महिन्याभरातच अबू धाबीला परत गेला होता आणि माझा व्हिसा आता कुठे हातात पडला होता. बाबांनी बॅग पुन्हा एकदा उचलून पाहिली आणि म्हणाले, "जास्त भरलं तर लोणचं काढ, पुस्तकं राहू दे." गाडी हलायच्या बेतात असताना आईनं खिडकीतून एक स्टीलचा डबा आत ढकलला. झाकणाभोवती पंच्याची चिंधी घट्ट बांधलेली. "लग्नातले उरलेत," एवढंच म्हणाली आणि पदर सारखा करत मागे सरली.

सुमनमावशी, तुला आणि तिथल्या सगळ्यांना त्या डब्यात काय होतं हे सांगायला नको. पण हे माझ्यासारख्याच बाहेर पडलेल्या मावसबहिणीही वाचतील, आणि त्यांच्या मुलांनी तर हा शब्द ऐकलाही नसेल, म्हणून सांगते. घट्ट भिजवलेल्या रव्याची बारीक वळी करायची आणि चिमटीत फिरवत तिचे गव्हाच्या दाण्याएवढे तुकडे तोडायचे, ते गव्हले. नखानं दाबले की नखुले, बोटाभोवती गुंडाळले की बोटवे. सगळ्यांना मिळून म्हणायचं वळवट. घरात लग्न ठरलं की मुहूर्त बघून पाच सवाष्णी वळायला बसतात आणि त्याची खीर लग्नाच्या पंगतीत वाढली जाते. आमच्या घरात पहिला गव्हला नेहमी आई वळायची, कारण तिच्यासारखे एकसारखे दाणे कुणालाच जमायचे नाहीत.

अबू धाबीच्या विमानतळावर एका अधिकाऱ्यानं तो डबा उघडायला लावला. त्यानं चिमूटभर गव्हले तळहातावर घेतले, उजेडाकडे धरले आणि हे काय म्हणून विचारलं. माझं इंग्रजी तिथल्या तिथे आटलं. मी म्हटलं, "इंडियन पास्ता, सर." तो म्हणाला, "खलास, यल्ला," म्हणजे झालं, चला, आणि मी सुटले. ही गंमत मी फोनवर आईला मोठ्या कौतुकानं सांगितली तर ती फणकारली. गव्हले म्हणायला जीभ झडली होती का, असं म्हणाली आणि फोन बाबांकडे दिला.

त्यानंतरची वर्षं तुम्हाला ठाऊक आहेत. आधी मुसाफ्फामध्ये दुसऱ्या कुटुंबाबरोबर शेअरिंगचा फ्लॅट, मग इराचा जन्म, मग एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत मला डॉक्युमेंट कंट्रोलरची नोकरी, म्हणजे दिवसभर ड्रॉइंगांवर शिक्के मारायचे आणि ती कुठे गेली ते सांगायचं. आता अल रीम आयलंडवर एकविसावा मजला, खाली समुद्राची पट्टी. खरं सांगू, मी इथे सुखात आहे. परदेशात राहणाऱ्यांनी कायम हळहळत असावं अशी एक अपेक्षा असते, ती माझ्याच्यानं कधी पुरी झाली नाही. बार्शीची आठवण येते, पण पाण्याच्या टँकरची वाट बघण्याची येत नाही.

बाबा गेले आणि आई एकटी पडली. त्याच्या पुढच्याच वर्षी आपल्या घरात लग्न निघालं. सुमनमावशी, मी हे रागानं लिहीत नाही, कारण तेव्हा मीही तिथेच बसले होते. वळवटाच्या मुहूर्ताला पाट मांडले, सवाष्णींना बोलावलं, आणि आईला कुणीतरी फार प्रेमानं सांगितलं, "माई, तू दमली असशील, जरा टेक." कुणी वाईट नव्हतं. आई चहाचा कप घेऊन भिंतीशी बसली, आणि मुहूर्त आटोपल्यावर मावशी, तूच तिला हाक मारलीस तर म्हणाली, माझे हात भरून आलेत. त्या दिवसापासून तिनं रव्याला हात लावला नाही.

मी तिला माझ्याकडे आणलं. रेसिडेन्स व्हिसा झाला, एमिरेट्स आयडी आलं, त्यावरचा फोटोही तिला आवडला. कागदोपत्री आई इथली झाली. पण घरात ती पाहुणीच राहिली. सकाळी उठून गेस्ट रूममधली चादर अशी घडी घालून ठेवायची की जणू संध्याकाळी गाडी आहे. फ्रिज उघडायच्या आधी विचारायची. "तुमच्याकडे पाणी छान गरम येतं," "तुमच्याकडे कढीपत्ता मिळतो का?" प्रत्येक वाक्यात तुमच्याकडे. आयुष्यभर जिचे हात कधी रिकामे पाहिले नाहीत ती बाई मांडीवर हात ठेवून सोफ्यावर बसलेली असायची आणि ऑफिसातून आल्यावर मला ते बघवत नसे.

अशात इटलीची ट्रिप ठरली. मिलिंदच्या साइटवर एक इटालियन इंजिनियर आहे, बारी नावाच्या शहराचा. त्याचं म्हणणं असं की रोममध्ये लोक फोटो काढतात आणि बारीत जेवतात. मिलिंदला दुसऱ्या भागाचं महत्त्व लगेच पटलं. आईला एकटी ठेवायचा प्रश्नच नव्हता. शहराचं नाव ऐकून ती बऱ्याच महिन्यांनी मिश्कीलपणे म्हणाली, "बार्शीहून निघाले आणि बारीला पोचले. मधला श काय विमानात राहिला का?"

जुनं बारी म्हणजे समुद्राकाठी पांढऱ्या दगडाच्या बोळांचा गुंता आहे. दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं भिंतीला चिकटायचं. आम्ही तिथे खात सुटलो. एका जुन्या भट्टीतून फोकाच्चा घेतला, टोमॅटो आणि ऑलिव्ह खुपसलेला जाड, तेलकट, खमंग पाव. तो कागदात गुंडाळून उभ्यानंच खायचा, आणि कोपरापर्यंत तेल आलं नाही तर तो नीट झाला नाही असं समजायचं. दुसऱ्या दुकानात तराल्ली नावाची खुसखुशीत वेटोळी मिळाली. आईनं एक उचललं, वळणाकडे निरखून पाहिलं आणि "कडबोळी," म्हणून जाहीर केलं. मोहन कमी पडलंय असंही म्हणाली. दुपारी एका छोट्या खाणावळीत सुक्या वालासारख्या दाण्यांचं घट्ट गरगट्टं वाढलं, शेजारी कडसर पालेभाजी आणि वर ऑलिव्ह तेलाची धार. इराला तो प्रकार काही झेपला नाही. "आई, दिस इज जस्ट वरण," ती म्हणाली. आजी मात्र ताट पुसून जेवली. आमच्या अबू धाबीच्या मॉलमधला गुलाबी सॉसचा पास्ता ज्यांना इटालियन वाटतो, त्यात मीही आले, त्यांनी एकदा हे जेवण जेवून पाहावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही एका कमानीखालून बोळात शिरलो आणि आई थबकली. दारादारासमोर लाकडी चौकटींना जाळी ठोकून केलेली ताटं होती आणि त्यांवर वाळत घातलेलं पिवळसर वळवट. हजारो दाणे, छोट्या वाट्यांसारखे वळलेले. एका उंबऱ्यापाशी टेबल टाकून एक म्हातारी वळत बसली होती. वळी, सुरीनं तुकडा, सुरीच्याच पात्यानं ओढ, अंगठ्यावर उलट. नजर दुसरीकडे, हात चालूच. आईचा चेहरा उजळला. एवढं वळवट आणि तेही दारात, म्हणजे घरात मोठं कार्य असणार. ती सरळ पुढे गेली आणि खणखणीत बार्शीच्या मराठीत विचारलं, "लग्न कोणाचं?"

म्हातारीनं इराकडे पाहिलं. इराला त्यातला लग्न हा एक शब्द कळला होता. तिनं फोन काढला, त्याला इंग्रजीत काहीतरी विचारलं आणि फोननं ते इटालियनमध्ये ऐकवलं. ऐकून म्हातारी इतकी हसली की तिनं सुरी खाली ठेवली. इरानं विचारलं होतं, तुम्ही लग्न करताय का?

मग तिनं हातातलं पीठ झटकलं, आतल्या भिंतीवरच्या एका मिशाळ माणसाच्या फोटोकडे बोट दाखवलं आणि बोलत राहिली. फोन तुटक तुटक सांगत होता. माझा नवरा. जाऊन खूप वर्षं झाली. आता माझ्याशी कोण लग्न करणार? हे रविवारच्या जेवणासाठी आहे. तिचं नाव नुन्झिया. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती डोक्यापासून पायापर्यंत काळ्या कपड्यांत होती.

आईचं हसू मावळलं. ती बराच वेळ त्या फोटोकडे आणि मग ताटांकडे पाहत राहिली. मिलिंदला अवघडल्यासारखं झालं, तो म्हणाला, "यल्ला, निघूया." पण आई जागची हलली नाही. तिनं माझं मनगट धरलं आणि खालच्या आवाजात म्हणाली, "तिला विचार, तिनं हे केलेलं कुणाला चालतं का? कुणी काही म्हणत नाही?"

हे मी फोनला कसं विचारलं ते मला आठवत नाही. नुन्झियाला प्रश्न आधी समजलाच नाही, तिनं तो पुन्हा ऐकवायला लावला. मग खांदे उडवून तिनं दोन शब्दांत उत्तर दिलं. इरानं वाचून दाखवलं, "शी सेज, दे से मेक मोअर."

आईला हे मराठीत सांगावं लागलं नाही. तिनं हात कुठे धुवायचे ते खुणेनं विचारलं. आत जाऊन आली, पदर खोचला आणि नुन्झियानं पायानं पुढे सरकवलेल्या खुर्चीवर बसली. आता इथे मी तुम्हाला सांगेन की तिनं लगेच सुंदर वळलं आणि गल्लीनं टाळ्या वाजवल्या, असं वाटत असेल तर तसं काही झालं नाही. आईचे तुकडे जाड झाले, वाटी उलटेना. नुन्झियानं ते एकेक उचलून पुन्हा गोळ्यात दाबून टाकले, अगदी निर्विकारपणे. आईच्या हातचं कुणी परत केल्याचं मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. आई चिडली. चिडली म्हणून बसून राहिली, आणि बसून राहिली म्हणून जमलं. शेवटी जाता जाता तिनं त्याच कणकेचे चार गव्हले चिमटीतून टपटप टाकले, तेव्हा नुन्झियानं चष्मा लावून ते पाहिले आणि ओठ पुढे काढून मान डोलावली. आम्ही निघालो तेव्हा आई म्हणाली, "हे नखुले नाहीत आणि बोटवेही नाहीत. अंगठ्यावर होतात. अंगठुले म्हणायचं."

परत आल्यावर आठवडाभर काहीच झालं नाही आणि मी मनातल्या मनात आशा सोडली. मग एका शुक्रवारी ऑफिसातून आले तर आई किचनमध्ये, तीन वेगवेगळ्या पिशव्यांमधला रवा बोटांत चोळत उभी. "आपल्याकडे बारीक रवा नावाला बारीक असतो," ती वैतागून म्हणाली. मी मिलिंदकडे पाहिलं, पण त्याला त्यातलं "आपल्याकडे" ऐकूच आलं नव्हतं. तो म्हणाला, दुसरा ब्रँड आणतो.

शनिवारी सकाळी तिनं मिलिंदचा लॅपटॉप ठेवायचा लाकडी पाट ताब्यात घेतला. पहिलं वाळवण बाल्कनीत घातलं तर दमट हवेनं तासाभरात त्याची परत कणीक केली, वर खालून सिक्युरिटीचा फोन आला की मॅडम, बाल्कनी में कुछ सुखाना अलाउड नहीं है. तेव्हा आईनं गेस्ट रूमचा एसी लावला, पंखा सोडला, पलंगावरची ती कडक घडीची चादर ओढून जमिनीवर अंथरली आणि तिच्यावर नवी ओळ टाकायला सुरुवात केली. मी शेजारी बसले. मला तिच्यासारखे एकसारखे जमत नाहीत, कधीच जमले नाहीत. तिनं माझे दोन परत गोळ्यात दाबले, अगदी नुन्झियानं दाबले होते तसे.

घर कुठे आहे असं कुणी विचारलं की मी बरीच वर्षं दोन उत्तरं देत आले, एक पासपोर्टवरचं आणि एक टॅक्सीवाल्याला सांगायचं. आता मला एवढंच कळतं की जिथे तुमच्या माणसाच्या हाताला काम आहे आणि ते करायला कुणाची परवानगी लागत नाही, ते घर. सुमनमावशी, पुढच्या लग्नाच्या मुहूर्ताला आई येईल. तिच्यासाठीही एक पाट मांडून ठेवा. नाही मांडलात तरी ती येईल, आणि येताना आपला पाट घेऊन येईल.

त्या शनिवारी दुपारी इरा स्विमिंगच्या क्लासहून आली. ओले केस, खांद्यावर टॉवेल. गेस्ट रूमच्या दारात थांबून तिनं चादरभर पसरलेले गव्हले आणि अंगठुले पाहिले. आमची मुलगी कशालाही इंग्रजीत उत्तर देते, पण बारीच्या बोळातलं ते एक वाक्य तिला पाठ झालं होतं.

"आजी," तिनं विचारलं, "लग्न कोणाचं?"

आईनं मान वर केली नाही. हात चालूच होते.

"कुणाचं नाही," ती म्हणाली. "उद्या रविवार आहे."