आबांना विचारलं

कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत मी कागद सांभाळते. नातेवाइकांना वाटतं, कंपनीत आहे म्हणजे हिला रसायनांतलं कळत असणार. मला फक्त रजिस्टरांतलं कळतं. रोज सकाळी दौंडहून कंपनीच्या बसने यायचं, तिन्ही पाळ्यांची पानं चाळायची आणि खाली ‘तपासलं’ म्हणून सही ठोकायची. ठोकायची हाच शब्द बरोबर. नीट वाचत बसले असते तर रोज संध्याकाळची बस चुकली असती.

आमच्या रिॲक्टरवर, म्हणजे रसायनं शिजवायच्या मोठ्या बंद भांड्यावर, एक जुने ऑपरेटर होते. सगळे त्यांना आबा म्हणायचे. घोड नदीकाठच्या गावचे, घरी पूर्वी मेंढरं होती. त्या भांड्यात आत काय चाललंय, ते बाहेरून हात लावून सांगायचे. छापील पद्धतीत न बसणारं काही करायची वेळ आली की माणसं आधी त्यांना विचारायची आणि रजिस्टरमध्ये एक ओळ लिहायची: आबांना विचारलं. ती ओळ असली की साहेबलोक पुढे चकार शब्द काढत नसत.

दोन वर्षांपूर्वी आबा घरीच, जेवता जेवता गेले. ओळ मात्र राहिली. ते गेल्यानंतर ती पहिल्यांदा दिसली तेव्हा मला गलबलून आलं. सवय आहे, सुटेल हळूहळू, असं म्हणून मी सही केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा दिसली, पुन्हा केली. पुढे तर ती पानावर असूनही माझ्या डोळ्यांना दिसायची बंद झाली.

यंदा कंपनीने नवं सॉफ्टवेअर घेतलं. त्यात एजंट असतात, म्हणजे स्वतःच वाचून, तुकडे जुळवून लिहिणारे प्रोग्रॅम. जुनी रजिस्टरं आणि रोजची नवी पानं स्कॅन करून त्यांना द्यायची, की कुठल्या अडचणीत काय करायचं याचे कागद ते तयार करतात आणि ते कामावरच्या माणसाला पडद्यावर दिसतात. मंजुरीचं काम माझ्याकडे होतं. पहिले काही कागद इतके चांगले होते की मला आमच्या साहेबांची दया आली.

मग एक कागद आला. त्याचं शीर्षक होतं ‘आबा’. खाली लिहिलं होतं: रिॲक्टरवरील अंतिम सल्लागार. सर्व पाळ्यांमध्ये उपलब्ध. शेवटचा सल्ला: काल, दुसरी पाळी. त्याखाली त्यांनी दिलेले सल्ले होते आणि त्यातले बरेचसे ते गेल्यानंतरचे होते. भांडं तापवणारी वाफ कधी तोडायची, ढवळणी कधी मंद करायची. पुढच्या नोंदी पाहता एकही चुकलेला नव्हता. कागदाच्या तळाशी एजंटने मलाच प्रश्न विचारला होता: कर्मचारी यादीनुसार ही व्यक्ती हयात नाही. रजिस्टरनुसार ती काल कामावर होती. कोणती नोंद खरी मानावी?

भर दुपारी, ट्यूबलाइटच्या उजेडात मी कालचं पान काढून पाहिलं.

कालची ओळ ज्यांच्या हातची होती ते ऑपरेटर माझ्यापेक्षा वयाने मोठे, मी त्यांना मामा म्हणते. तडक रिॲक्टरवर गेले.

“मामा, काल वाफ तोडायला तुम्हाला कुणी सांगितलं?”

“आबांनी.”

“मामा, चेष्टा नको.”

“चेष्टा न्हाई ताई. प्रेशरचा काटा तर जाग्यावर व्हता. पर मागनं त्येंच्या आवाजात ऐकू आलं, तोड म्हनून. मी तोडली. आन् लिवायला घेतलं तवा दुसरं काय लिवनार?”

“बाकीचे पण असंच लिहितात?”

“इचारा की त्यास्नी. आमी एकमेकांत बोलत न्हाई त्याच्यावर.”

मी कुणाला विचारलं नाही. भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षा जास्त सह्यांची काळजी होती. रजिस्टर खोटं म्हणावं, तर दोन वर्षं ते मीच तपासलेलं. खरं म्हणावं, तर उद्या एखादा नवा माणूस ऐन संकटात मेलेल्या माणसाला शोधत फिरेल, आणि त्या भांड्याशेजारी शोधत फिरायला वेळ नसतो. दोन दिवस प्रश्न तसाच ठेवला. तिसऱ्या दिवशी उत्तर लिहिलं: ही व्यक्ती नाही. सर्व कागदांतून काढा.

काही मिनिटांत सगळे कागद दुरुस्त होऊन मंजुरीला आले. भली मोठी रांग होती. मी हायसं वाटून एकापाठोपाठ एक मंजूर करत गेले. रजिस्टरला सह्या ठोकायचे तशाच.

त्यानंतरच्या आठवड्यात सकाळी टेबलावरचा फोन वाजला. शिक्रापूरकडून बदलून आलेला नवा ऑपरेटर होता. मागे भांड्याची घरघर ऐकू येत होती.

“मॅडम, प्रेशर चढतंय. वाफ तोडली तरी चढतंय. काय करू?”

“मला काय विचारताय?”

“पडद्यावर तुमचंच नाव हाय. तपासणीस यांना विचारा म्हणून.”

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आबांचा सल्ला असलेल्या प्रत्येक पानावर माझी सही होती. आबांना काढल्यावर एजंटने त्या जागी मला बसवलं होतं, आणि ते मीच मंजूर केलं होतं. पलीकडे तो थांबला होता. मला काहीही ठाऊक नव्हतं.

“बाहेर या!” मी किंचाळले. “सगळं सोडा, आधी तिथून बाहेर या!”

तो बाहेर पडला आणि सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला. जिथे तो उभा होता तिथे सगळीकडे उकळता माल पडला होता. संध्याकाळी त्याची बायको गेटवर येऊन माझ्या पाया पडली. मी काही ओळखलं नव्हतं, मी फक्त घाबरले होते. पण त्याआधी दुपारीच एजंटने त्या प्रसंगाचा कागद तयार केला होता: प्रेशरच्या चढण्यावरून तपासणीस यांनी धोका अचूक ओळखला. मी तो तीनदा वाचला. तिसऱ्यांदा वाचताना मलाही आठवायला लागलं, की मला ते आधीच कळलं होतं.