कोणतं शोबेल?

नोएलीन प्रायरबाईंनी वारंडी गावच्या शेतकी जत्रेची चिटणिशी एकतीस वर्षं सांभाळली आणि तेवढ्या वर्षांत एकाही स्पर्धकाची नोंद हरवू दिली नाही. मेंढा असो, फ्रूटकेक असो की विणलेले मोजे, प्रत्येकाला बाईंच्या हातचं कार्ड आणि त्यावर नंबर. नियमही त्यांचाच: बुधवारी पाचच्या आत नोंद नाही, तर टेबलावर जागा नाही. अध्यक्ष मर्व्ह पेनहॉल यांच्या बायकोनं उशिरा आणलेले, घरी भाजलेले स्कोन्ससुद्धा त्यांनी एकदा परत पाठवले होते.

मग समितीला संगणकाची हुक्की आली. ‘नोंदींसाठी शोबेल नावाचं सॉफ्टवेअर घ्यावं’ असा ठराव एकानं मांडला, दुसऱ्यानं अनुमोदन दिलं, आणि आत किटली उकळत होती म्हणून तो बिनविरोध मंजूरही झाला. आमच्याकडे चहाच्या आड ठराव येत नाही. कोणतं शोबेल, हे कुणी विचारलंच नाही, कारण शोबेल पाच असतात हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

नुसतं शोबेल, शोबेल प्लस, शोबेल वन, शोबेल गो आणि शोबेल क्लासिक. वन म्हणजे पहिलंवहिलं असणार, म्हणून बाईंनी ते घेतलं. ते चौथं निघालं. खजिनदारांना जुनं, साधं हवं होतं म्हणून त्यांनी क्लासिक घेतलं. ते सगळ्यात नवं. मर्व्हनं फोनवर गो टाकलं. जो तो सांगे, नोंदी शोबेलमध्ये आहेत, आणि खोटं कुणीच बोलत नव्हतं. फक्त एकाचं दुसऱ्याला दिसत नव्हतं. पाच पोरांना एकच नाव ठेवणाऱ्या आईबापांना आपण शहाणं म्हणत नाही, पण कंपनीला मात्र पैसे मोजतो.

गुरुवारी बाईंनी यादी छापली तर ती निम्मीच. खजिनदारांच्या नोंदी कागदावर मिळाल्या. मर्व्हचा फोन मात्र म्हणत होता, सगळ्या नोंदी शोबेलला पाठवल्या आणि इथून पुसल्या. बाईंनी कंपनीला फोन लावला.

“कोणत्या शोबेलला, बाई?” तिकडच्या मुलीनं विचारलं.

“मला काय विचारतेस? नावं तुम्ही ठेवलीत.”

“गोमधलं सगळं प्लसमध्ये जातं. तुमच्याकडे वन आहे ना, म्हणजे पूर्वीचं प्लस.”

“मग प्लस माझ्याकडेच आहे की.”

“नाही, ते पूर्वीचं. आताचं प्लस वेगळं.”

बाईंनी फोन आपटला. मर्व्हला समोर बसवलं आणि त्याला आठवतील तेवढ्या नोंदी हातानं उतरवून घेतल्या. बारा आठवल्या. तेरावी राहिली.

ती डल्सी हॅमंडची होती. डल्सी शहाऐंशी वर्षांची, बाईंची शेजारीण. जत्रा झाली की ती ॲडलेडला वृद्धाश्रमात जाणार होती, म्हणजे यंदाची क्विन्स फळाची जेली शेवटचीच. शुक्रवारी सकाळी ती बरणी घेऊन आली आणि यादीत तिचं नाव सापडेना.

“सोमवारीच सांगितलं होतं गं मर्व्हला,” ती म्हणाली. पण वाद घातला नाही. नियम तिला पाठ होता. “राहू दे. घरी घेऊन जाते.”

बाईंचं डोकं फिरलं. कंपनीवर, मर्व्हवर, त्या मेल्या किटलीवरसुद्धा. त्याच टेबलावर त्यांची स्वतःची जेली होती, नंबर सत्तेचाळीस. त्यांनी ती उचलून टेबलाखाली सारली आणि नंबर डल्सीच्या बरणीपुढे लावला. परीक्षिकेला नुसता नंबरच दिसतो.

दुपारी निळी फीत सत्तेचाळीसला लागली. यंत्रानं कार्ड छापलं: पहिलं बक्षीस, नोएलीन प्रायर. लोक बाईंचं अभिनंदन करायला आले. डल्सीनं चष्मा लावून कार्ड वाचलं. बाई नाव बदलायला गेल्या तर पडद्यावर उत्तर आलं, ही सोय शोबेलमध्ये उपलब्ध आहे.

बाईंनी बॉलपेन काढलं, सगळ्यांदेखत कार्डावरचं आपलं नाव खोडलं आणि वर डल्सीचं लिहिलं.

“नोएलीन,” मर्व्ह हळूच म्हणाला, “हे नियमात बसतं का?”

“नाही बसत. सभेच्या इतिवृत्तात लिहून ठेव,” बाई म्हणाल्या. “तिनं वेळेत दिली होती. नोंद माझ्याकडून हरवली.”